तेरा वसाहतींपासून राज्यघटनेपर्यंत : अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांना तिथला इतिहास, भूगोल आणि राज्यकारभार घरी कसा शिकवावा

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत चौथीच्या मुलांना आपल्या राज्याचा इतिहास असतो आणि पाचवीत देशाचा सुरुवातीचा इतिहास येतो. महाराष्ट्रात वाढलेल्या आईवडिलांची इथेच पंचाईत होते. शिवरायांचा इतिहास तोंडपाठ असतो, पण मुलाने मेफ्लॉवर जहाज किंवा आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशनबद्दल विचारलं की फोन काढावा लागतो. हा लेख अशा पालकांसाठी आहे. रविवारच्या मराठी शाळेत किंवा गृहशाळेत 8 ते 11 वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल.

पहिलं काम पुस्तक आणण्याचं नाही. बालभारतीचं एकच पुस्तक जसं राज्यभर चालतं, तसं इथे चालत नाही. काय शिकवायचं याची चौकट प्रत्येक राज्य स्वतः आखतं आणि पुस्तक बहुधा शाळा-जिल्हा निवडतो. आपल्या राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर 'सोशल स्टडीज स्टँडर्ड्स' शोधा आणि फक्त मुलाच्या इयत्तेची पानं छापून घ्या. शाळेत काय विचारलं जाणार ते त्यातून कळतं.

दुसरी गोष्ट शिकवण्याच्या पद्धतीची. आपल्याकडे इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांच्या वेगळ्या वह्या असतात, आणि तीच सवय इथे आडवी येते. अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळात हे तिन्ही विषय एकमेकांत गुंतलेले आहेत. कुठे काय पिकलं आणि बोट कुठवर गेली यावर वसाहतीचं रूप ठरलं, वसाहतींची इंग्लंडच्या राजाशी भांडणं झाली आणि त्या भांडणांची उत्तरं राज्यघटनेत कलमं होऊन बसली. म्हणून क्रम असा ठेवा: आधी जमीन, मग माणसं, मग भांडण आणि शेवटी कायदा. 'सरकारच्या तीन शाखा' या धड्याने सुरुवात केली तर मूल तीन नावं पाठ करेल आणि परीक्षेनंतर विसरेल.

आठवड्यातून दोनदा 40 मिनिटं बसलात तर साधारण चार महिन्यांत हे सगळं होतं. साहित्य म्हणून भिंतीवर लावायला एक प्राकृतिक नकाशा, थोडा ट्रेसिंग पेपर, 4 मीटर दोरी, कपड्यांचे चिमटे, पाव किलो राजमा, मूठभर चवळी, मैदा, मीठ, दोन पुठ्ठे आणि 13 कागदी वाट्या पुरतात.

आधी जमीन

भिंतीवरच्या नकाशावर राज्यांच्या सीमा नसतील तर उत्तम. पन्नास राज्यांचा रंगीत नकाशा लावला की मुलाला 1607 मध्येही तिथे टेक्सस आणि ओहायो दिसायला लागतात. सुरुवातीला अटलांटिकपासून मिसिसिपी नदीपर्यंतचाच भाग घ्या, कारण 1783 च्या पॅरिस तहाने नव्या देशाची पश्चिम सीमा मिसिसिपीच ठरली होती. पहिल्या दोन बैठकींत मुलाला पाच गोष्टी बोटाने दाखवता आल्या पाहिजेत: किनाऱ्याचं सपाट मैदान, त्यामागचा पीडमाँट हा पायथ्याचा चढउताराचा प्रदेश, ॲपालाचियन डोंगर, पाच ग्रेट लेक्स आणि मिसिसिपी.

यानंतर पिठाचा उठावाचा नकाशा करा. दोन वाट्या मैदा आणि एक वाटी बारीक मीठ एकत्र करून त्यात पाऊण ते एक वाटी पाणी थोडं थोडं घालत घट्ट गोळा मळा. पाणी एकदम ओतलं तर गोळा चिकट होतो आणि वाळताना नकाशाला तडे जातात. साधारण 40 × 30 सेंटिमीटरचे दोन पुठ्ठे एकमेकांवर चिकटवून घ्या. एकाच्या आतल्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील असे ठेवा, नाहीतर ओल्या पिठाने पुठ्ठा वाकतो. मैदानाचा थर 3 मिलिमीटर पुरे, डोंगर सव्वा ते दीड सेंटिमीटरपर्यंत न्या. पीठ ओलं असतानाच टूथपिकने हडसन, डेलावेअर, पटोमॅक, जेम्स, ओहायो आणि मिसिसिपी या नद्या कोरा. पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळवा आणि रंग त्यानंतरच द्या.

हा खटाटोप 'प्रपातरेषा' समजावी म्हणून आहे. पीडमाँटचा कठीण खडक संपून किनाऱ्याचं मऊ मैदान सुरू होतं तिथे नद्या खळखळून खाली उतरतात आणि समुद्राकडून आलेल्या बोटी अडतात. माल तिथे उतरवावा लागतो आणि पाण्याच्या जोरावर गिरण्याही तिथेच चालतात. ट्रेंटन, फिलाडेल्फिया, जॉर्जटाउन आणि रिचमंड ही गावं या रेषेवर आहेत. आईवडील कोकणातले असतील तर हे काम आणखी सोपं. कल्याण, महाड, चिपळूण ही खाडीच्या आतल्या टोकाची जुनी बंदरं सह्याद्रीच्या अलीकडे ज्या कारणाने वसली, बरीचशी तशीच ही गोष्ट आहे. फरक एवढाच, की ॲपालाचियन किनाऱ्यापासून खूप आत आहेत आणि त्यांचा चढ संथ आहे. त्यांचं सर्वांत उंच शिखर माउंट मिचेल 2,037 मीटरचं आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा जवळपास 400 मीटर उंच.

आता ट्रेसिंग पेपरवर इंग्रजांच्या तेरा वसाहती रंगवून घ्या. न्यू इंग्लंडमध्ये मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशर, ऱ्होड आयलंड आणि कनेटिकट. मधल्या वसाहतींत न्यू यॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर. दक्षिणेत मेरिलँड, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया. या ठिकाणी तीन चुका ठरलेल्या असतात. आजच्या सीमा गिरवल्या की मेन सुटतं, पण ते 1820 पर्यंत मॅसॅच्युसेट्समध्ये होतं. वेस्ट व्हर्जिनियाही सुटतं, पण ते 1863 मध्ये व्हर्जिनियातून निघालं. व्हरमाँटवर न्यू यॉर्क आणि न्यू हॅम्पशर दोघंही हक्क सांगत होते आणि 1791 मध्ये ते चौदावं राज्य झालं, म्हणून त्याला रेघारेघांचा रंग द्या.

दोरीवर काळ

मुलांच्या डोक्यात मेफ्लॉवरने आलेले पिलग्रिम आणि पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन शेजारी राहत असतात. हा गोंधळ तोंडी सांगून जात नाही. 4 मीटर दोरी भिंतीला ताणा, डावं टोक 1600, उजवं 1800, एका वर्षाला 2 सेंटिमीटर. जेम्सटाउन, म्हणजे इंग्रजांची इथली पहिली टिकलेली वस्ती (1607), 14 सेंटिमीटरवर येतं, मेफ्लॉवर (1620) 40 वर आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा (1776) थेट 352 वर. मधली 3 मीटर 12 सेंटिमीटर रिकामी दोरी मुलाला चालत पार करू द्या.

मग डाव्या टोकाच्या बाहेर जा. फ्लोरिडातलं स्पॅनिश सेंट ऑगस्टीन 1565 चं, म्हणजे टोकाच्या 70 सेंटिमीटर अलीकडे. आणि या खंडात माणसं राहायला लागून निदान 15,000 वर्षं झाली. त्याच प्रमाणात दोरी ताणायची तर 300 मीटर लागेल. बाहेर रस्त्यावर जाऊन 300 मीटर चालून दाखवा. 'कोलंबसने अमेरिका शोधली' हे वाक्य त्यानंतर मूल सहसा पुन्हा म्हणत नाही.

दोरीच्या खालच्या बाजूला आपल्याकडच्या तारखा लावायच्या. हा खटाटोप शाळा करणार नाही आणि मराठी घरात तो अगदी सहज जमतो. 1630 मध्ये बॉस्टन वसलं, त्याच वर्षी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म. 1664 च्या जानेवारीत सुरतेवर पहिली स्वारी, सप्टेंबरमध्ये डचांचं न्यू ॲमस्टरडॅम इंग्रजांच्या हाती जाऊन न्यू यॉर्क झालं. 1761 चं पानिपत. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध 1775 ते 1782 आणि अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध 1775 ते 1783, म्हणजे इंग्रज एकाच वेळी दोन्हीकडे गुंतलेले. यॉर्कटाउनला 19 ऑक्टोबर 1781 रोजी ज्याच्या फौजेने शरणागती पत्करली, तो लॉर्ड कॉर्नवॉलिस 1786 मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. 1792 मध्ये श्रीरंगपट्टणासमोर टिपूविरुद्ध हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्याच बाजूने उभे होते. आजोबांना ही गोष्ट व्हिडिओ कॉलवर नातवाने सांगितली, तर आजोबाही बसून ऐकतील.

इंग्रजांच्या आधीची माणसं

'नेटिव्ह अमेरिकन' हा एकच गठ्ठा करू नका, प्रत्येक वेळी लोकांचं नाव घ्या. जेम्सटाउनच्या आसपास पौहाटन या प्रमुखाचं तीसएक जमातींचं राज्य होतं, पिलग्रिम जिथे वसले त्या प्लिमथला वाम्पानोआग, डेलावेअर नदीकाठी लेनापे, दक्षिणेच्या डोंगरांत चेरोकी. आजच्या न्यू यॉर्क राज्यात मोहॉक, ओनायडा, ऑनंडागा, कायुगा आणि सेनेका या पाच राष्ट्रांचा हॉडेनोसॉनी संघ होता, पुढे टस्करोरा सहावे झाले. हा संघ नीट शिकवा, कारण स्वतंत्र गटांनी एकत्र बसून निर्णय कसे घ्यायचे हा प्रश्न पुढे तेरा राज्यांपुढेही आला.

दोन पथ्यं पाळा. पिसांचे मुकुट आणि चेहऱ्यावर रंग असला 'वेश' करायचा नाही. आणि क्रियापदं भूतकाळातच ठेवायची नाहीत: वाम्पानोआग आजही मॅसॅच्युसेट्समध्ये आहेत, चेरोकी नेशनचं आज स्वतःचं सरकार आहे. भारतीय घरातल्या मुलाला जुन्या पुस्तकातला 'इंडियन' हा शब्द गोंधळात टाकतो. त्याचा उलगडा पहिल्याच दिवशी दोन वाक्यांत करून पुढे जा.

वसाहती : कारण आणि परिणाम

तेरांची स्थापना वर्षं पाठ करून घेण्यात अर्थ नाही. जेम्सटाउन आणि प्लिमथ नीट घ्या, बाकीच्या प्रदेशांनुसार घ्या.

जेम्सटाउनसाठी मुलाला आधी नकाशा द्या आणि विचारा, 'तू गाव कुठे वसवशील?' ज्यांनी जागा निवडली त्यांना जहाज काठाला लागेल एवढं खोल पाणी हवं होतं आणि स्पॅनिशांपासून बचाव हवा होता. त्या हिशेबाने जागा बरोबर होती. पण दलदल होती, पिण्याचं पाणी मचूळ होतं, त्यात दुष्काळ. 1609-10 च्या हिवाळ्यात बहुतेक लोक उपासमारीने आणि रोगाने मेले. वसाहत तगली ती तंबाखूवर. 1619 या एका वर्षात तिथे दोन गोष्टी घडल्या: जुलैत निवडून आलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली आणि ऑगस्टच्या अखेरीस पकडून आणलेले वीसेक आफ्रिकी लोक पॉइंट कम्फर्टला उतरवले गेले. दोरीवर 38 सेंटिमीटरवर दोन्ही चिठ्ठ्या एकाच चिमट्यात लावा.

मेफ्लॉवरवरच्या 102 प्रवाशांना व्हर्जिनियाच्या उत्तर टोकाला, हडसनच्या मुखाजवळ, उतरायचं होतं. ते खूप वर, केप कॉडला पोहोचले. त्यांचा परवाना तिथे लागू नव्हता, त्यामुळे 'आता आमच्यावर कुणाचा हुकूम नाही' अशी कुजबुज सुरू झाली. म्हणून 41 पुरुषांनी करारावर सह्या केल्या: कायदे आपण मिळून करू आणि पाळू. भूगोलाच्या चुकीतून राज्यकारभाराचा कागद जन्मला, याहून सोपं उदाहरण मिळणार नाही. पहिल्या हिवाळ्यात निम्मे प्रवासी मेले. 1621 च्या सुगीच्या मेजवानीला पन्नासेक इंग्रज आणि आपला प्रमुख मॅसासोइट याच्याबरोबर आलेले सुमारे 90 वाम्पानोआग होते. मुलाला ही दोन आकड्यांची गोष्ट सांगा, थँक्सगिव्हिंगचं चित्र आपोआप बदलतं.

प्रदेशांसाठी एकच कोष्टक करा: माती, पीक, माणसं, गावाचा कारभार. न्यू इंग्लंडची जमीन हिमनद्यांनी खडकाळ केलेली आणि उन्हाळा छोटा, म्हणून मासेमारी, लाकूड आणि जहाजं. घरं जवळजवळ, त्यामुळे गावसभा भरवणं सोपं. मधल्या भागात गहू, मोठ्या नद्या आणि डच, जर्मन, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक अशी सरमिसळ वस्ती. दक्षिणेत लांब उन्हाळा, तंबाखू, तांदूळ, नीळ आणि एकमेकांपासून दूर पसरलेले मळे. तिथे गावसभा जमणार कशी? म्हणून कारभार काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या भागाच्या, हाती गेला. ही खूण आजही दिसते: तुम्ही बॉस्टनजवळ राहत असाल तर गावसभा महत्त्वाची असते, रिचमंडजवळ असाल तर काउंटी.

गुलामगिरी 'दक्षिणेचा धडा' म्हणून शिकवू नका. ती तेराही वसाहतींत होती. 1790 च्या पहिल्या जनगणनेत सुमारे 39 लाख लोक मोजले गेले, त्यांतले जवळपास 7 लाख गुलाम होते. या वयाच्या मुलाला क्रौर्याची चित्रं दाखवायची गरज नाही, पण 'नोकर' असा गुळगुळीत शब्दही वापरायचा नाही. माणसांची नावं सांगा. फिलिस व्हीटलीला 1761 मध्ये सात-आठ वर्षांची असताना बॉस्टनला आणून विकलं गेलं आणि 1773 मध्ये तिच्या कवितांचं पुस्तक लंडनमध्ये छापलं गेलं. 1781 मध्ये एलिझाबेथ फ्रीमनने मॅसॅच्युसेट्सच्या नव्या राज्यघटनेचा आधार घेऊन कोर्टात आपलं स्वातंत्र्य जिंकलं. ओना जज 1796 मध्ये अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या फिलाडेल्फियातल्या घरातून निसटली. गुलामांच्या लिलावाचं किंवा जहाजाचं नाटक मात्र कधीही करायचं नाही. काही मुलांसाठी तो अपमान असतो आणि बाकीच्यांना तो खेळ वाटतो.

कराचा खेळ आणि त्यातली मेख

स्वातंत्र्ययुद्धाची कारणं शिकवायला राजम्याचा खेळ सगळेच खेळतात. बहुतेक ठिकाणी तो अर्धाच खेळला जातो आणि मुलं चुकीचं शिकून जातात. सहा ते बारा मुलं घ्या.

1. प्रत्येकाला 10 दाणे द्या. एक मूल राजा (तो दुसऱ्या खोलीत बसेल), एक वसुली अधिकारी.
2. राजा चिठ्ठ्या पाठवतो: वहीला 1 दाणा, निळा शर्ट असेल तर 2, चहा प्यायला 1. अधिकारी गोळा करतो. कुरबूर होऊ द्या, पाच मिनिटांत होतेच.
3. आता थांबा आणि दाणे परत द्या. मुलांनी आपला एक प्रतिनिधी निवडायचा. खर्च सांगा: 'कुंपण बांधायला 20 दाणे हवेत.' प्रतिनिधीने मुलांना विचारून कर ठरवायचा.
4. शेवटी दोन्ही फेऱ्यांत किती दाणे गेले ते मोजा. आकडा जवळपास सारखा येईल असा खर्च आधीच ठरवून ठेवा.

तिसरी आणि चौथी पायरी गाळली तर मुलं 'कर वाईट असतो' एवढंच घेऊन जातात. वसाहतींची तक्रार संमतीची होती. हा मुद्दा चहाच्या प्रकरणात आणखी स्पष्ट होतो. 1773 च्या चहा कायद्याने चहा महाग झाला असं मोठी माणसंही सांगतात. उलट ईस्ट इंडिया कंपनीचा चहा स्वस्त झाला होता. आधीचा पौंडाला तीन पेन्सचा कर तेवढा कायम राहिला, आणि तो कर देणं म्हणजे लंडनचा हक्क कबूल करणं. 16 डिसेंबर 1773 च्या रात्री 342 पेट्या बॉस्टनच्या पाण्यात गेल्या. चहा चीनचा होता, आसामचा नाही. हाही प्रश्न घरोघरी निघतो.

क्रम सांगताना 1754 ते 1763 चं फ्रेंचांविरुद्धचं युद्ध सोडू नका. त्याचा खर्च भरून काढायला कर आले आणि त्यानंतरच्या 1763 च्या फर्मानाने वसाहतवाल्यांना ॲपालाचियनपलीकडे वस्ती करायला बंदी घातली. पिठाच्या नकाशावर त्या डोंगरांवरून लाल दोरा ठेवला की बंदी कुठे होती हे लगेच दिसतं. पुढचं भराभर घ्या: 1765 चा स्टॅम्प कायदा, 1770 चा बॉस्टनचा गोळीबार, 19 एप्रिल 1775 ला लेक्सिंग्टन आणि काँकर्ड इथे युद्धाची सुरुवात, 1777 ची साराटोगाची लढाई, 1778 ची फ्रेंच मदत, 1781 चं यॉर्कटाउन. लढाया मोजत बसू नका. साराटोगामुळे फ्रान्स आला आणि फ्रेंच आरमाराने यॉर्कटाउनचा समुद्र अडवला, एवढी साखळी पुरे. 4 जुलै 1776 ला जाहीरनामा मंजूर झाला. बहुतेकांच्या सह्या 2 ऑगस्टला झाल्या, हे मुलांना फार आवडतं.

तक्रार आणि कलम

सगळ्यात जास्त वेळ या भागाला द्या. जाहीरनाम्याची सुरुवात सगळे वाचतात, मधली राजाविरुद्धच्या तक्रारींची यादी कुणी वाचत नाही. त्यातल्या पाच तक्रारी सोप्या मराठीत चिठ्ठ्यांवर लिहा, राज्यघटनेतली पाच उत्तरं दुसऱ्या रंगाच्या चिठ्ठ्यांवर, आणि जोड्या लावायला सांगा.

राजा आमच्या विधानसभा वाटेल तेव्हा बरखास्त करतो: अध्यक्षाला काँग्रेस (तिथली संसद, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट) बरखास्त करता येत नाही. आमच्या संमतीशिवाय कर लादतो: कराची विधेयकं लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधिगृहातच सुरू होतात. न्यायाधीशांची नोकरी आणि पगार राजाच्या मर्जीवर: संघराज्याचे न्यायाधीश वर्तन चांगलं असेपर्यंत पदावर राहतात आणि त्यांचा पगार कमी करता येत नाही. शांततेतही फौज ठेवतो: लष्कराचा पैसा एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीसाठी मंजूर होत नाही. आमच्या घरात शिपाई उतरवतो: शांततेत घरमालकाच्या संमतीशिवाय शिपाई घरात उतरवता येत नाहीत (तिसरी घटनादुरुस्ती). एवढं जमलं की राज्यघटना हा कोरडा कागद राहत नाही.

मधली पायरी विसरू नका. 1781 मध्ये आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन, म्हणजे तेरा राज्यांची आधीची घटना, लागू झाले. त्यात काँग्रेसला कर लावता येत नव्हता, महत्त्वाच्या ठरावांना 13 पैकी 9 राज्यं लागत आणि दुरुस्तीला तेराही. हे अनुभवायला द्या: मुलांत 13 राज्यं वाटा, मुलं कमी असतील तर एकाकडे तीन. समान खर्चासाठी दाणे मागा, पण सक्ती नको. दुसऱ्या फेरीतच तिजोरी रिकामी राहते. मग नियम बदलायचा ठराव मांडा आणि एका ऱ्होड आयलंडने 'नाही' म्हटलं की तो पडतो. त्यानंतर 1786-87 चं मॅसॅच्युसेट्समधल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांचं शेजचं बंड सांगितलं की 1787 च्या मे महिन्यात फिलाडेल्फियाला 55 प्रतिनिधी का जमले ते वेगळं सांगावं लागत नाही. ऱ्होड आयलंडने तिथे कुणालाच पाठवलं नव्हतं.

मोठी राज्यं विरुद्ध छोटी राज्यं हा तंटा 13 वाट्यांत मांडा. प्रत्येक वाटीवर राज्याचं नाव. पहिल्या प्रतिनिधिगृहासाठी राज्यघटनेने ठरवून दिलेल्या 65 जागा अशा होत्या: व्हर्जिनिया 10, मॅसॅच्युसेट्स 8, पेनसिल्व्हेनिया 8, न्यू यॉर्क 6, मेरिलँड 6, कनेटिकट 5, नॉर्थ कॅरोलायना 5, साउथ कॅरोलायना 5, न्यू जर्सी 4, न्यू हॅम्पशर 3, जॉर्जिया 3, डेलावेअर 1, ऱ्होड आयलंड 1. तेवढे दाणे टाका आणि डेलावेअरची वाटी सांभाळणाऱ्या मुलाला विचारा कसं वाटतं. मग दुसऱ्या रंगाचे, म्हणजे चवळीचे, प्रत्येकी दोन दाणे सगळ्यांना द्या: ती सिनेट. कायदा व्हायला दोन्ही रंगांचं बहुमत लागतं. या वाटपात गुलामांची गणती तीन-पंचमांश धरायचं ठरलं आणि त्यांना मत मात्र नव्हतं, हे इथेच सांगा.

39 जणांनी 17 सप्टेंबर 1787 ला सह्या केल्या, 1788 च्या जूनमध्ये न्यू हॅम्पशरने नववी मंजुरी दिली, 30 एप्रिल 1789 ला वॉशिंग्टन यांचा शपथविधी न्यू यॉर्कमध्ये झाला आणि हक्कांच्या पहिल्या दहा दुरुस्त्या 15 डिसेंबर 1791 ला लागू झाल्या. आजचे आकडे शेवटी द्या: प्रतिनिधिगृहात 435, मुदत 2 वर्षं, सिनेटमध्ये 100, मुदत 6 वर्षं, अध्यक्ष 4 वर्षं, सर्वोच्च न्यायालयात 9 न्यायाधीश. किमान वय अनुक्रमे 25, 30 आणि 35. न्यायाधीशांना वयाची अट नाही.

भारतीय पालकांची गफलत

आपलं नागरिकशास्त्र डोक्यात ठेवून शिकवलं की चुका होतात. इथला गव्हर्नर लोकांनी निवडलेला असतो, कामाने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळ जातो. मंत्री काँग्रेसचा सदस्य राहू शकत नाही. आपल्याकडे मंत्र्याला सभागृहात असावंच लागतं. सिनेटला राज्यसभा म्हणून सांगाल तर अडकाल: राज्यसभेत उत्तर प्रदेशच्या 31 आणि महाराष्ट्राच्या 19 जागा आहेत, सिनेटमध्ये लहानमोठ्या सगळ्या राज्यांना दोनच. आणि प्रत्येक राज्याची स्वतःची राज्यघटना असते.

राज्य, केंद्र आणि गाव यांची वाटणी घरातल्या कागदांवरून शिकवा. व्हिसा, पासपोर्ट, नोटा, टपाल ही केंद्राची कामं. गाडीचा परवाना आणि लग्नाचे कायदे राज्याचे. कचरा, ग्रंथालय आणि रस्त्यावरचे दिवे बहुधा शहराचे किंवा काउंटीचे. शाळा अनेक ठिकाणी वेगळ्या निवडलेल्या मंडळाच्या हाती असते. मंडळाच्या बैठका खुल्या असतात. मुलाला एकदा अर्धा तास नेऊन बसवा, विषयपत्रिका आधी छापून घ्या, नाहीतर दहाव्या मिनिटाला 'घरी कधी जायचं' सुरू होतं. घरात कुणी नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करत असेल तर मुलाला परीक्षक करा.

समजलं का, कसं ओळखायचं

तारखा विचारू नका, 'का' विचारा. बोटी रिचमंडला का थांबल्या? चहा स्वस्त झाला तरी पाण्यात का टाकला? डेलावेअरला सिनेट का हवी होती? मूल नकाशाकडे किंवा वाट्यांकडे बोट दाखवून उत्तर देत असेल तर पुढे जा. नुसतं वाक्य म्हणून दाखवत असेल तर तो खेळ पुन्हा घ्या.

सहलीला जाणार असाल तर

जेम्सटाउनला दोन वेगळ्या जागा शेजारी शेजारी आहेत. एक मूळ किल्ल्याची, उत्खननाची, आणि दुसरी नव्याने उभारलेली, जिथे जहाजांच्या प्रतिकृती आहेत. लहान मुलांना दुसरी जास्त रमवते, पण दोन्ही वेगवेगळ्या आहेत हे निघण्याआधी पाहून घ्या. प्लिमथचं मेफ्लॉवर जहाजही प्रतिकृतीच आहे. बॉस्टनची फ्रीडम ट्रेल ही ऐतिहासिक ठिकाणं जोडणारी पायवाट चार किलोमीटरची आहे, आठ वर्षांच्या मुलाला एका दिवसात झेपत नाही, अर्धी करा. फिलाडेल्फियात इंडिपेंडन्स हॉलसाठी वर्षातला बराच काळ वेळ ठरलेलं तिकीट लागतं, लिबर्टी बेलला लागत नाही. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये जाहीरनाम्याची मूळ प्रत इतकी फिकी झाली आहे की वाचताच येत नाही, दालनात उजेड मंद असतो आणि फोटो काढायला बंदी आहे. घरून छापील प्रत न्या. राज्यघटनेची पानं त्यामानाने ठसठशीत दिसतात, तिथे जास्त वेळ उभे राहा.